‘च्या वतीने’ : ब्लेनिमचा महाल आणि छापील करारनाम्याचा इतिहास

इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात विल्यम काँग्रीव्हचे ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ शिकवले जाते तेव्हा चौथ्या अंकातील एका प्रवेशापाशी शिक्षक हमखास रेंगाळतात. मिराबेल आणि मिलामंट लग्नाला तयार आहेत, पण तत्पूर्वी दोघेही आपापल्या अटी मांडतात. सकाळी वाटेल तितका वेळ अंथरुणात लोळण्याची मुभा हवी, चारचौघांत लाडिक नावांनी हाक मारायची नाही, ही तिची कलमे. चहाच्या बैठकीत चहाच प्यायला जावा, तिथे उंची मद्ये शिरू नयेत, हे त्याचे कलम. प्रेमिकांचा संवाद वकिली भाषेत चालतो ही त्यातली गंमत वर्गात नीट पोहोचते. आम्हांला मात्र त्या प्रवेशात थट्टेपेक्षा शहाणपण अधिक दिसते. दोघांनाही पुढच्या दिवसांची भीती आहे, आणि सद्भाव शाबूत असतानाच ती भीती शब्दांत बांधून टाकली पाहिजे, हे दोघांनाही उमगलेले आहे.

हे नाटक १७०० सालचे. त्यानंतर पाचच वर्षांनी काँग्रीव्हच्या एका मित्राने आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले, आणि त्यात मिलामंटने चहाच्या टेबलाविषयी दाखवली तेवढीही सावधगिरी कुणी दाखवली नाही. हा मित्र म्हणजे जॉन व्हॅनब्रू. ‘द रिलॅप्स’ आणि ‘द प्रोव्होक्ड वाइफ’ या नाटकांचा कर्ता म्हणून तो आपल्या परिचयाचा. जेरेमी कॉलियरने १६९८ साली इंग्रजी रंगभूमीच्या अनीतीवर जे टीकास्त्र सोडले त्याचे एक मुख्य लक्ष्य, म्हणूनही. तो वास्तुरचनाकार होता, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात तळटीपेसारखी येते. वस्तुतः १६९९च्या सुमारास, कसलेही रीतसर शिक्षण नसताना, तो कासल हॉवर्डच्या कामाला लागला. १७०२ साली सरकारी बांधकाम खात्यात वरच्या हुद्द्यावर बसला. आणि १७०५ साली ब्लेनिमचा महाल त्याच्याकडे आला. त्या महालाच्या हिशेबाची कथा आम्ही येथे सांगणार आहोत. वास्तुव्यवसायात आज जे छापील करारनामे वापरले जातात, त्यांतील रूक्ष कलमे कोणत्या भीतीतून जन्मली हे समजून घ्यायला तिच्याइतकी चांगली सुरुवात नाही.

१७०४ साली ड्यूक ऑफ मार्लबरोने ब्लेनिमच्या लढाईत फ्रेंचांचा पाडाव केला. राणी ॲनने कृतज्ञतेपोटी वुडस्टॉकची जहागीर त्याला दिली. १७०५ साली पार्लमेंटने तसा कायदाही केला. जहागिरीवर महाल बांधून द्यायचा आणि खर्च राणीने सोसायचा, असे सगळ्यांनी गृहीत धरले. कायद्यात मात्र महालाच्या खर्चाविषयी अवाक्षर नव्हते. राणीचे आश्वासन तोंडी होते. किती खर्च, किती काळात, खजिना रिता झाला तर पुढे काय, याचा उल्लेख कुठेच नव्हता. राणीची मर्जी आणि ड्यूकची कीर्ती या दोन गोष्टी जणू कायमच्या आहेत अशा समजुतीवर पाया खणला गेला.

जो एकमेव महत्त्वाचा कागद होता तो जून १७०५चा. खजिन्याचा प्रमुख लॉर्ड गोडॉल्फिन याने व्हॅनब्रूच्या नावे एक अधिकारपत्र काढले: कारागिरांशी करार करण्याचा, कामावर नजर ठेवण्याचा अधिकार त्याला देण्यात येत आहे. कुणाच्या वतीने? ‘ड्यूकच्या वतीने.’ राणीच्या नव्हे! गोडॉल्फिनचा मुलगा मार्लबरोचा जावई होता, घरोबा दाट होता. मसुदा लिहिताना या शब्दांकडे कुणी फार लक्ष दिले असेल असे वाटत नाही. पैसे तर खजिन्यातूनच येत होते. पण पुढची सोळा वर्षे ज्यावरून भांडण झाले ते हेच दोन शब्द.

ड्यूक आणि डचेस मात्र याविषयी बेसावध नव्हते. आपण स्वतः पैसे द्यायला सांगितले तर उद्या देणे आपल्या गळ्यात येईल, हे ओळखून त्यांनी तशा कोणत्याही लेखी हुकमापासून स्वतःला जपून दूर ठेवले. डचेस सारा हिला साहित्यिकांनी बहुधा कजाग आणि कोत्या मनाची म्हणून रंगवले आहे. व्हॅनब्रूच्या चरित्रकारांचा ओढाही तिकडेच. आम्हांला हे चित्र एकांगी वाटते. चुना उद्यानातच भाजला जात असताना त्याचा भाव इतका कसा, दगड वाहून आणायचा दर काय, हे प्रश्न त्या प्रचंड बांधकामावर विचारणारी ती जवळजवळ एकटीच होती. व्हॅनब्रूला भव्यता हवी होती. ग्लाइमसारख्या ओढ्यावर त्याने एवढा पूल घातला की त्याच्या पोटात खोल्याच खोल्या निघाल्या. पाडायचा ठरलेला वुडस्टॉकचा जुना वाडा इतिहासाची साक्ष म्हणून राखावा, असे निवेदन त्याने १७०९ साली लिहिले. जुन्या वास्तूंच्या जतनाची बाजू मांडणारे इंग्रजीतले ते एक आरंभीचे आणि सुंदर निवेदन आहे. पण त्या वाड्याच्या डागडुजीवर पैसा कुणाच्या परवानगीने खर्च झाला, आणि तिथे तो स्वतः का राहत होता, या डचेसच्या प्रश्नांना त्या निवेदनात उत्तर नाही.

मग मर्जी फिरली. १७११च्या आरंभी सारा राणीच्या दरबारातून बाहेर पडली, वर्षाअखेरीस ड्यूकची सेनापतिपदावरून उचलबांगडी झाली, आणि १७१२ साली खजिन्यातून पैसा येणे थांबले. तोवर दोन लाखांहून अधिक पौंड खर्च झाले होते आणि कारागिरांचे सुमारे ४५,००० पौंड देणे थकले होते. मार्लबरो दांपत्य परदेशी निघून गेले. मागे राहिले ते पाथरवट, सुतार, गाडीवान, खाणमालक. व्हॅनब्रूच्या शब्दावर त्यांनी काम केले होते, आणि व्हॅनब्रूपाशी द्यायला काही नव्हते.

१७१४ साली राणी वारली, नवा राजा आला, मार्लबरो परतला. सरकारने थकबाकी मान्य केली खरी, पण हातावर ठेवले ते १६,००० पौंड, म्हणजे रुपयाला सुमारे पाच आणे. १७१६ साली ड्यूकने स्वतःच्या पैशाने काम पुन्हा सुरू केले आणि दर कमी केले. ग्रिनलिंग गिबन्ससारखा कोरीवकामाचा बादशहा परत आला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डचेसशी बिनसून व्हॅनब्रूनेही काम सोडले.

एडवर्ड स्ट्राँग आणि त्याचा मुलगा हे त्या काळचे नामांकित पाथरवट, सेंट पॉल कॅथीड्रलवर काम केलेले. सात हजारांवर पौंडांची बाकी मिळावी म्हणून त्यांनी ड्यूकवर दावा लावला. आता प्रश्न सरळ होता: ब्लेनिमचा मालक कोण? जमिनीचा नव्हे, कामाचा. काम करवून घेणारा कोण? मार्लबरो पक्षाचे म्हणणे असे की महाल ही राणीची देणगी आहे. देणगी घेणाऱ्याकडून तिची किंमत कशी मागता येईल? ते अधिकारपत्र आम्ही लिहिले नाही, लिहवून घेतले नाही. कागदावर मात्र ‘ड्यूकच्या वतीने’ असे होते, आणि महाल ड्यूकच्या जमिनीवर, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या हरकतीवाचून वाढला होता.

कागद लिहिणारा गोडॉल्फिन १७१२ सालीच वारला होता. आश्वासन देणारी राणीही हयात नव्हती. ‘लेखकाचा मृत्यू’ ही कल्पना आपण बार्थकडून शिकलो. इथे ती अक्षरशः खरी होती. हेतू सांगायला कुणी उरले नव्हते, उरली होती संहिता. न्यायालयाने ती वाचली आणि पाथरवटांच्या बाजूने निकाल दिला. १७२१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ड्यूकचे अपील फेटाळले. डचेसने मग चॅन्सरी न्यायालयात एक दावा ठोकला. त्यात प्रतिवादी होते ४०१, म्हणजे महालाशी संबंध आलेला जवळजवळ प्रत्येक जण, आणि आरोप होता कटाचा. व्हॅनब्रूचे स्वतःचे थकलेले पैसे अखेर १७२५ साली वॉलपोलच्या मदतीने, आडवाटेनेच हाती आले. त्याच साली तो पत्नीसह पाहुण्यांबरोबर वुडस्टॉकला गेला असता डचेसच्या हुकमाने दोघांनाही आत प्रवेश मिळाला नाही. पाहुणे महाल पाहत होते आणि महाल रचणारा खाणावळीत बसून होता.

हा प्रसंग करुण आहे आणि सांगायला सोपा आहे, म्हणूनच तो वारंवार सांगितला जातो. आमच्या मते त्याहून महत्त्वाचे आहे ते जोखमीचे वाटप. करार अपुरा होता म्हणून जोखीम नाहीशी झाली नव्हती. तिला जिथे वाट मिळाली तिथे ती वाहत गेली. स्ट्राँगसारख्या सधन पाथरवटाला लॉर्ड्सपर्यंत जाता आले. ज्यांची बाकी दहावीस पौंडांची होती त्यांनी पाच आणे घेऊन घर गाठले.

पुढे शंभर वर्षांत बांधकामाची रीतच बदलली. व्हॅनब्रूच्या काळी प्रत्येक कसबी मुखत्याराशी स्वतंत्र करार असे. काम झाल्यावर मोजमाप घ्यायचे आणि दराप्रमाणे पैसे चुकते करायचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सगळे कसबी पदरी बाळगणारा एकच मोठा कंत्राटदार पुढे आला, आणि संपूर्ण इमारतीचा एकरकमी मक्ता घेऊ लागला. मालकाला हे सोयीचे होते. खर्च वाढण्याची जोखीम कंत्राटदारावर जाई. पण एकरकमी मक्त्यात एक नवी अडचण शिरते. त्या रकमेत नेमके काय धरले आहे? बदल सांगितला तर त्याचे मोल कोण ठरवणार? मालक आणि कंत्राटदार या दोघांनाही उत्तर देण्यात स्वार्थ आहे. तेव्हा हे काम वास्तुरचनाकाराकडे आले, आणि त्याच्या सहीच्या दाखल्यावाचून पैसे मिळू नयेत अशी प्रथा पडली.

गंमत अशी की दुसऱ्यांचे करार सांभाळणाऱ्या या माणसाचा स्वतःचा करार बराच काळ लंगडाच राहिला. १८३४च्या आगीनंतर वेस्टमिन्स्टरचा नवा प्रासाद बांधणारा चार्ल्स बॅरी याचे उदाहरण घ्या. सात लाखांवर पौंडांचा अंदाज वीस लाखांच्या पलीकडे गेला. आणि त्याचे मानधन २५,००० पौंड ठोक की खर्चावर पाच टक्के, या वादाने सरकार आणि बॅरी दोघांचेही कैक वर्षे डोके उठवले. पाच टक्क्यांत एक खोच आहेच: खर्च जितका फुगेल तितके मानधन वाढेल. मालकाच्या मनात संशय पेरायला याहून चांगले खत नसावे.

इंग्लंडातील वास्तुरचनाकारांची संस्था, म्हणजे रिबा, आगीच्याच वर्षी, १८३४ साली निघाली. शतकाच्या अखेरीपर्यंत बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांशी घासाघीस करून छापील अटींचे मसुदे तयार होऊ लागले, आणि १९३१ साली दोन्ही बाजूंच्या संयुक्त मंडळाकडे हे काम सोपवण्यात आले. आज ‘जेसीटी’चा म्हणून जो करारनामा ओळखला जातो तो या मंडळाचा.

साहित्याच्या अभ्यासकाने या संहितेकडे कुतूहलाने पाहावे असे आम्हांला वाटते. तिला एक लेखक नाही. पिढ्यान् पिढ्या तिच्यात भर पडते, पाठभेद होतात, जुने कलम गळून नवे येते. लोकपरंपरेतील रचनेशी तिचे नाते जुळते, फरक इतकाच की प्रत्येक नव्या ओळीमागे कुणाचे तरी नुकसान उभे असते. कायद्यात एक जुना लॅटिन नियम आहे: संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा. छापील करारनाम्याला हा नियम लावताना न्यायालये अडखळतात, कारण तो दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी मिळून लिहिलेला. विरुद्ध म्हणजे कुणाच्या?

एकच कलम उदाहरणादाखल घेऊ, मुदतवाढीचे. ते कंत्राटदारावरील मेहेरबानी आहे, असे बहुतेक मालकांना वाटते. इतिहास उलटे सांगतो. १८३८च्या एका खटल्यात लिव्हरपूलमधील मद्याच्या कारखान्याचे सुतारकाम साडेचार महिन्यांत पुरे करायचे होते. उशीर झाल्यास दर आठवड्याला ४० पौंड कापायचे होते. उशीर झाला. पण त्यातले चार आठवडे मालकाने जागाच ताब्यात दिली नव्हती. न्यायालयाने म्हटले, ज्याने स्वतः खोळंबा केला त्याला जुनी मुदत धरून बसता येणार नाही. दंड कापता येणार नाही. म्हणजे मालकाच्या एका चुकीने दंडाचे सबंध कलमच हातचे जात होते. यावर तोड म्हणून, मालकामुळे उशीर झाल्यास वास्तुरचनाकाराने तेवढी मुदत वाढवून द्यावी, अशी तरतूद रूढ झाली. मुदत वाढली की दंडाचे कलम जिवंत राहते. जे मालक हे कलम खोडून टाकतात ते आपल्याच कुंपणाला भगदाड पाडतात.

आणि छापील कलमे कितीही कसून लिहिली तरी शेवटी रिकाम्या जागा राहतात. त्या हाताने भरायच्या असतात. १९८७ सालच्या टेमलॉक खटल्यात इंग्लंडातील एका मालकाने उशिराच्या भरपाईच्या रकान्यात ‘शून्य’ असे लिहिले होते. त्याचा युक्तिवाद असा की ठरीव रक्कम शून्य, म्हणून प्रत्यक्ष नुकसान वेगळे मागता येईल. न्यायालयाने शून्याचा अर्थ शून्य असाच घेतला: उशिराबद्दल काहीही मिळणार नाही. एका शब्दाच्या वाचनाचा याहून महागडा वर्ग आम्हांला ठाऊक नाही.

आपल्याकडे हाच छापील वंश आला. १९१७ साली मुंबईत मूळ धरलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचा करारनामा इंग्रजी घराण्यातलाच. पण त्याखालची जमीन निराळी आहे. इंग्रजी कायदा ‘नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज’ आणि ‘धाक दाखवणारा दंड’ यांत भेद करत आला. पहिला ग्राह्य, दुसरा अग्राह्य. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या ७४व्या कलमाने ही गुंतागुंत बाजूस सारली: नाव काहीही द्या, करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, आणि तिच्या आत वाजवी भरपाई. तेव्हा इंग्रजी नमुन्यातले तेच वाक्य मुंबईत वाचले की त्याचा अर्थ बदलतो. भाषांतर न होताही बदलतो, हे विशेष. ‘दर आठवड्याला अमुक रुपये’ असे लिहून निश्चिंत झालेल्या मालकाला इथे ‘वाजवी’ या शब्दाशी गाठ घ्यावी लागते.

आता मधल्या माणसाकडे येऊ. व्हॅनब्रू ड्यूकच्या वतीने करार करत होता, राणीच्या खजिन्याकडे हात पसरत होता आणि कारागिरांना शब्द देत होता. छापील करारनाम्याने ही ओढाताण संपवली नाही, तिला रीतसर रूप दिले. वास्तुरचनाकार मालकाचा पगारी माणूस, तरीही कामाचे मोल ठरवताना त्याने दोघांमध्ये निःपक्षपाती असावे. हे पाहून १९०१ साली इंग्रजी न्यायालयाने असे ठरवले की दाखला देताना तो जवळजवळ लवादच असतो, आणि लवादावर निष्काळजीपणाचा दावा लावता येत नाही. या कवचाखाली व्यवसायाने सत्तर वर्षे काढली.

ते कवच १९७४ साली फुटले. सटक्लिफ नावाच्या गृहस्थांच्या घराचे काम चालू होते. वास्तुरचनाकारांनी सदोष कामाचेही दाखले दिले, मालकाने पैसे भरले, आणि पुढे कंत्राटदाराचे दिवाळे निघाले. मालक वास्तुरचनाकारांकडे वळला. लॉर्ड्सनी म्हटले, लवादापुढे वाद मांडलेला असतो, दोन्ही बाजूंचे पुरावे असतात; दाखला देणाऱ्यापुढे यातले काहीच नसते. तो निःपक्षपाती असावा हे खरे, पण निष्काळजी असण्याची सवलत त्याला नाही. आम्हांला हा निकाल न्याय्य वाटतो. त्यातली एक गोष्ट मात्र खुपत राहते. चूक मुळात कंत्राटदाराची. पण त्याच्यापाशी काही उरलेच नाही, म्हणून सगळा भार जो उभा होता त्याच्यावर आला. विम्याच्या हप्त्यांचा आणि वास्तुरचनाकारांच्या वाढत्या सावधपणाचा उगम येथे आहे.

सावधपणा प्रथम शब्दांत उतरला. इंग्लंडात वास्तुरचनाकाराच्या नेमणूकपत्रात कामावर ‘सुपरव्हिजन’ करण्याची जबाबदारी असे. पुढे त्या जागी ‘इन्स्पेक्शन’ हा शब्द आला. १९७२च्या कायद्याने स्थापन झालेल्या आपल्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या अटींतही वास्तुरचनाकाराने ठरलेल्या अंतराने जागेवर जाऊन काम पाहावे व जोखावे, एवढीच अपेक्षा आहे. रोजच्या रोज उभे राहणे त्यात येत नाही. मराठीत सांगायचे तर एक ‘देखरेख’, दुसरी ‘पाहणी’. देखरेखीत सातत्य गृहीत आहे आणि चुकीची जबाबदारीही. पाहणी करणारा येतो, पाहतो, नोंद करतो, जातो. बंगला बांधायला काढणारे आपले निवृत्त मास्तर हा भेद करत नाहीत. सही करून झाल्यावर, चहा पिताना ते सहज म्हणतात, “जरा लक्ष असू द्या हं.” वास्तुरचनाकार ‘हो’ म्हणतो. ते लक्ष देखरेखीत मोडते की पाहणीत, हे त्या क्षणी दोघांपैकी कुणीच विचारत नाही, आणि करारनामा तोवर कपाटात गेलेला असतो.